पाठीचे छायाचित्र : एक नोंद, एक जबाबदारी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च अहवालात स्वतंत्रपणे छापलेला आहे. आज आपल्या अस्थिरोग विभागातील एका अल्पखर्चिक, परंतु मोलाच्या कामाविषयी चार शब्द सांगण्याची अनुमती घेतो. हे काम म्हणजे कण्याला बाक आलेल्या मुलामुलींच्या पाठीची छायाचित्रे काढून शरीराच्या दोन्ही बाजूंतील फरक मोजणे.

या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. कणा एका बाजूस झुकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळलाही जातो. क्ष-किरण चित्रात हा बाक 10 अंश वा त्याहून अधिक भरला, तर निदान पक्के होते. किशोरवयातील 100 मुलांत साधारण 2 ते 3 जणांत तो आढळतो. मोठे बाक मुलींमध्ये अधिक असतात. बहुधा कारण सापडत नाही आणि सुरुवातीस दुखतही नाही. त्यामुळे घरच्यांच्या ध्यानात येते ते दुखणे नव्हे, तर दिसणे : एक खांदा वर, एका बाजूचा फरा पुढे आलेला, कमरेची एक खाच अधिक खोल. ‘दप्तराचे ओझे’ म्हणून ते सोडून दिले जाते आणि उंची झपाट्याने वाढण्याचे, म्हणजेच बाक वाढण्याचे, महिने निघून जातात. वेळेचे मोल किती, हे अमेरिका व कॅनडा येथील 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळते. पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते.

बाकाचा कोन मोजण्याची जॉन कॉब यांची 1948 सालची पद्धत आजही प्रमाण मानली जाते. तिला क्ष-किरण चित्र लागतेच. परंतु वाढत्या वयात ते वारंवार काढण्याची किंमत असते. अमेरिकेत 1912 ते 1965 या काळात निदान झालेल्या 5,573 स्त्री रुग्णांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीची सरासरी सुमारे 25 क्ष-किरण चित्रे काढलेली होती, आणि स्तनांच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या 1.69 पट आढळले. आजच्या यंत्रांतील किरणांची मात्रा पुष्कळच कमी आहे. तरीही अनावश्यक चित्र टाळावे, हा धडा कायम आहे.

दोन क्ष-किरण तपासण्यांच्या मधल्या काळात छायाचित्र उपयोगी पडते. मूल अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, जमिनीवर आखलेल्या पावलांच्या खुणांवर उभे राहते. केस वर बांधलेले, हात सैल. कॅमेरा तिकाटण्यावर, ठरलेल्या उंचीवर व अंतरावर. नितंबांमधील खाचेच्या वरच्या टोकातून गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे सरळ रेषा धरून खांदे, काखा व कंबर यांचे दोन्ही बाजूंचे अंतर आणि उंची मोजतात. जपानमधील डॉ. सुझुकी व सहकाऱ्यांनी 1999 साली मांडलेला ‘पोट्सी’ हा निर्देशांक असाच काढला जातो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्यास तो शून्य येतो. दुसरे छायाचित्र पुढे वाकलेल्या स्थितीत घेतात. विल्यम अ‍ॅडम्स यांनी 1865 साली वर्णिलेल्या या स्थितीत बरगड्यांचा उंचवटा स्पष्ट दिसतो.

आम्ही वाणिज्य शाखेची माणसे. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिले छायाचित्र ही आरंभीची शिल्लक होय. ती नीट नोंदली नाही, तर पुढची वाढ-घट कशाशी ताडावी? म्हणून महागड्या यंत्राहून प्रत्येक वेळी तीच जागा, तोच प्रकाश आणि तीच रीत राखण्याची शिस्त महत्त्वाची.

छायाचित्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. कण्याला दोन विरुद्ध बाक असतील, तर ते एकमेकांना झाकतात आणि पाठ जवळजवळ सरळ दिसते. म्हणून छायाचित्र निदान करीत नाही आणि कोनही सांगत नाही; शंका आल्यास क्ष-किरण चित्र काढावेच लागते. परंतु मुलीला स्वतःला सलतो तो कोनाचा आकडा नव्हे, तर आरशात दिसणारा फरक. त्या फरकाची नोंद छायाचित्रच ठेवते.

आता सर्वांत नाजूक बाब. ही वयात येणाऱ्या मुलांची उघडी पाठ आहे. मुलींची छायाचित्रे स्त्री कर्मचारीच घेते. आई वा घरची स्त्री जवळ असते. चेहरा येत नाही. नावाऐवजी क्रमांक असतो. कोणाच्याही खाजगी मोबाईलवर छायाचित्र घेतले जात नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा 18 वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो व पालकांची संमती आवश्यक ठरवतो. आम्ही त्यापुढे जाऊन मुलाचा स्वतःचा होकारही विचारतो. तो नकार देत असेल, तर त्या दिवशी छायाचित्र होत नाही.

उपचारांपूर्वीची व नंतरची छायाचित्रे अहवालात छापावीत, अशी सूचना काही हितचिंतकांनी सद्भावनेने केली. आपल्या दानाचे फळ डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा आम्ही समजू शकतो. तथापि, उपचारांसाठी दिलेली संमती ही प्रसिद्धीसाठी दिलेली संमती नव्हे. म्हणून या अहवालात एकाही रुग्णाची पाठ छापलेली नाही. हा कोरेपणा आपण आमच्या कामाचाच भाग समजावा, ही विनंती.

पालकांना एवढेच सांगणे : वाढत्या वयातील मुलाला कधीतरी पुढे वाकायला सांगून पाठ निरखावी. एक बाजू उंच दिसली, तर घाबरू नये आणि थांबूही नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा.