सव्वातीन रुपये कुणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, हिशेब लिहिण्याची आहे. गेली बावीस वर्षे आमच्या टॉवेलच्या कारखान्याची वही मी लिहिते. म्हणूनच चिटणीसबाईंनी कामगारांच्या विम्यावर मला बोलावयास सांगितले असावे. तेव्हा वहीतलेच सांगते.

या विम्याची योजना प्रा. आडारकरांनी १९४४ साली आखली, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती सुरू झाली. १ जुलै २०१९ पासून शंभर रुपये पगारामागे कामगाराने पाऊण रुपया व मालकाने सव्वातीन रुपये भरावयाचे असतात. ऐकताना वाटते, मालक किती उदार! पण हे सव्वातीन रुपये येतात कोठून?

माझ्या भावाच्या कारखान्यात पंचवीस माणसे. टॉवेल घेणारा व्यापारी विम्यासाठी दर वाढवून देत नाही. तो म्हणतो, दुसरीकडून घेईन. ज्या वर्षी विमा लागू झाला त्या दिवाळीला भावाने मजुरी वाढवलीच नाही. मला म्हणाला, "ताई, कुठून तरी काढायलाच हवेत ना?" म्हणजे वहीत रकाने दोन, पैसा मात्र कामगाराच्याच पिशवीतला.

विडीचे मात्र वेगळे होते. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसला. तो कारखानदार भरी, पण विडीच्या किमतीत धरून. त्यातून विडी कामगार भगिनींसाठी दवाखाने चालत. जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. आला आणि उपकर गेला. विडी ओढणाऱ्याकडून वसूल करता येते. टॉवेलवाल्याला ते जमत नाही. असो.

भावाकडच्या एका विणकराचा पाय मोडला तेव्हा त्याला घरी बसून पगाराच्या सुमारे सत्तर टक्के मिळाले, औषधपाणी फुकट. त्याचेच पैसे त्याला मिळाले म्हणा, पण गरजेला मिळाले.

आता आमच्या घरचे. आमच्याकडे नऊ माणसे आहेत. कायदा दहापासून लागतो, आणि एकदा लागला की पुढे माणसे कमी झाली तरी सुटत नाही. दहा माणसे, सरासरी दहा हजार पगार धरला, तर मालकाचा वाटा महिना ३,२५० रुपये होतो. हा हिशेब मीच काढून दाखवला होता. तेव्हापासून काम कितीही आले तरी दहावा माणूस आम्ही ठेवला नाही. जास्तीचे टॉवेल बाहेर शिवायला देतो.

आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या बाईंची पिशवी काढावी लागली. सरकारी योजनेचे कार्ड होते, पण त्या दवाखान्यात ते चालले नाही. खर्च झाला चाळीस हजार. त्यांनी डोरले गहाण टाकले. आम्ही पंधरा हजारांची उचल दिली. दोन महिने त्या घरी होत्या, त्याची मजुरी नाही. कामावर आल्यावर आठवड्याला पाचशे कापायचे ठरले, आणि ते मीच कापून घेत होते. विमा नसला तर खर्च वाचतो असे मी हिशेबात धरले होते. तो वाचला नाही, त्यांच्या नावावर गेला. माझ्या वहीत मात्र तो उचल म्हणून लिहिलेला आहे.

एकदा मी त्यांना विम्याचे समजावले. त्या म्हणाल्या, "पाऊण रुपया माझा कळला, बाई. सव्वातीन कुणाचे?" मी म्हटले, "मालकाचे." त्या हसल्या. "मग माझेच की!" पुढे म्हणाल्या, "घ्या बाई कापून. पण आपण असा विमा काढाल का?"

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत, दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक व बहुसंख्य कामगार तयार असल्यास विम्यात जाता येते. आमच्या नऊही माणसांना मी विचारले. सारे तयार आहेत. राहिले मालक. त्यांच्याशी या रविवारी बोलावयाचे आहे, आणि त्या वेळी उचलीची वहीही पुढे ठेवणार आहे.