दप्तरास प्रश्न विचारण्याची भाषा

डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषांत एसक्यूएलने जे स्थान मिळविले आहे, त्याचे मर्म समजण्यासाठी तिच्यापूर्वीची स्थिती आठवावी लागते. त्या काळी संगणकाच्या दप्तरातून एखादी नोंद काढावयाची, तर ती कोणत्या नोंदीस कशी जोडली आहे हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे, आणि दप्तराची रचना बदलली की त्याचे काम बहुधा पुन्हा करावे लागे. 1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांत मांडून तिला संबंधांच्या गणिताचा पाया देण्याचा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये या भाषेचे मूळ रूप मांडले. काय हवे ते विचारणाऱ्याने सांगावे आणि कोणत्या वाटेने आणावे ते यंत्राने ठरवावे, हे तिचे खरे सामर्थ्य.

परंतु तिच्यातील एक उणीव मला फार घातक वाटते. समजा, ग्रंथालयातील ज्या सभासदांनी एकही पुस्तक नेलेले नाही त्यांची यादी हवी आहे. देवघेवीच्या नोंदींत ज्यांचा क्रमांक नाही ते सभासद आपण 'नॉट इन' लिहून मागतो. आणि त्या नोंदींपैकी एकीत जरी सभासद-क्रमांकाचा रकाना कोरा, म्हणजे 'नल', राहिला असेल, तर यादीत एकही नाव येत नाही. कारण कोऱ्या रकान्याशी केलेली तुलना सत्य ठरत नाही, असत्यही ठरत नाही; ती 'अज्ञात' ठरते, आणि सत्य ठरल्यावाचून यादीत कोणालाही प्रवेश नाही. यंत्र मात्र अवाक्षर काढीत नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरल्यास हा प्रमाद टळतो. पण हे नवशिक्याला कोणी सांगावे?

पर्याय नव्हते असे नाही. बर्कलेच्या इंग्रेस प्रकल्पातील क्वेल ही भाषा रचनेने अधिक सुसंगत होती, असे जाणकारांचे मत आहे व ते मला पटते. परंतु 1986 मध्ये अमेरिकेतील प्रमाणीकरणाचा मान एसक्यूएलला मिळाला आणि क्वेल मागे पडली. वंशावळीसारखे पिढ्यान् पिढ्या मागे जाणारे प्रश्न डेटालॉग या आणखी एका भाषेत दोन नियमांत मावतात. एसक्यूएलच्या प्रमाणित रूपात ती सोय 1999 मध्ये आली. पुढे 'नोएसक्यूएल' म्हणून जी साधने निघाली, त्यांनी रचनेची मोकळीक दिली खरी, पण कोष्टके जोडण्याचा भार पुष्कळदा पुन्हा प्रोग्रामरच्याच माथी टाकला.

म्हणून माझा कौल अजूनही एसक्यूएललाच आहे. मात्र नवे कोष्टक रचणाऱ्यांना माझी विनंती आहे की, ज्या रकान्याच्या कोरेपणास काही अर्थ नाही, तेथे पहिल्याच दिवशी 'नॉट नल' लिहून ठेवा.