अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मॅट्रिकच्या पुढे महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या आणि सारी हयात शाळेच्या फळ्यासमोर घालविलेल्या मजसारख्या शिक्षकास पदवीच्या शिक्षणाविषयी बोलावयास सांगावे, हा मंडळाचा लोभच म्हणावयाचा. मात्र ज्या पायरीवर आपण चढलो नाही तिची उंची आपणांस अधिक जाणवते, हेही खरे. म्हणून ही आज्ञा मी शिरोधार्य मानतो.

आपल्या या परिसराचा इतिहास फार जुना नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पाहता पाहता ज्वारी-बाजरीच्या रानांत चिमण्या दिसू लागल्या. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण आज मोटारींचे गाव झाले आहे. त्या पहिल्या काळी हातात कसब आणि अंगी सचोटी असली म्हणजे पोट भरे. आज यंत्रास आज्ञा देणारा संगणक आहे, आणि त्या संगणकास आज्ञा देणारा माणूस कारखान्यास हवा आहे. केवळ कंत्राटावर पाट्या टाकणाऱ्या मुलाची भाकरी मात्र दिवसेंदिवस अनिश्चित होत चालली आहे.

आता आपल्याच घरांकडे पाहा. वडिलांचे आजारपण, धाकट्या भावाची फी, बहिणीचे लग्न, अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने दुसऱ्या वर्षातून महाविद्यालय सोडून पाळीवर रुजू झालेला मुलगा, किंवा लग्नामुळे शिक्षण थांबलेली मुलगी, प्रत्येक आळीत आहे. ‘दोन वर्षे फुकट गेली’ असे आपण म्हणतो. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की ती दोन वर्षे फुकट गेलीच असतील असे नाही. त्यांचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

हा हिशेब ‘श्रेयांक’ या मापाने होतो. इंग्रजीत त्यास क्रेडिट म्हणतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात साधारणतः तीस तासांच्या अभ्यासास एक श्रेयांक, आणि एका वर्षास चाळीस श्रेयांक धरले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ म्हणजे श्रेयांकांच्या पेढीचे नियम जाहीर केले. पेढीत जसे आपले खाते, तसे येथे विद्यार्थ्याचे खाते. डिजिलॉकरमधून ते उघडता येते आणि त्यास बारा अंकी क्रमांक मिळतो. मात्र या खात्यात पैसे भरतात तसे श्रेयांक आपण स्वतः भरू शकत नाही. ते पेढीशी नोंदलेल्या महाविद्यालयाने अगर विद्यापीठानेच जमा करावयाचे असतात.

बंधूंनो, जमेच्या बाजूबरोबर वजाबाकीही सांगितली पाहिजे. पहिली गोष्ट, श्रेयांकांस मुदत आहे, आणि ती जास्तीत जास्त सात वर्षांची आहे. दुसरी, मूळ नियमाप्रमाणे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळविलेलेच श्रेयांक पेढीत चालतात. त्यापूर्वी शिक्षण सोडलेल्यांनी पेढीच्या भरवशावर न राहता नव्या विद्यापीठाकडे थेट चौकशी करावी. तिसरी, जी संस्था पदवी देणार तिच्याकडे निम्मे श्रेयांक तरी मिळवावेच लागतात. उदाहरण घेऊ. तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक धरले आणि मुलाजवळ दोन वर्षांचे ८० असले, तरी त्यांपैकी फार तर ६० कामी येतील. म्हणजे एका वर्षाऐवजी दीड वर्षाचे काम उरले. शिवाय विषय जुळले पाहिजेत. वाणिज्य शाखेचा हिशेबनीसीचा पेपर संगणकाच्या पदवीत गणिताची जागा घेणार नाही. किती श्रेयांक धरावयाचे याचा निर्णय घेणारी संस्था करते. म्हणून फी भरण्यापूर्वी तिच्याकडून तो लेखी घ्यावा.

आता स्वस्त आणि घरबसल्या मार्ग कोणते? १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ पासूनचे आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, ही नोकरी करणाऱ्यांसाठीच जन्मास आली आहेत. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवीक्रम सुरू केला. त्यास जे.ई.ई.ची कठीण परीक्षा लागत नाही. त्यांच्या पात्रता अभ्यासक्रमातून जावे लागते, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. मध्येच थांबावे लागल्यास पूर्ण केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र अगर पदविका पदरात पडते. २०१७ पासून चालू असलेल्या ‘स्वयम्’वर शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेस तेवढी फी पडते.

एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. अभियांत्रिकीची बी.ई. अगर बी.टेक. ही पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देण्यास आयोगाची परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर कठोर निर्णय दिला, तेव्हा कित्येकांच्या नोकऱ्या-बढत्या अडचणीत आल्या. तरीही ‘एका वर्षात घरबसल्या इंजिनियर’ असे सांगणारे दलाल फिरत असतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने रात्रपाळीच्या भत्त्यातून साठविलेली रक्कम अशाच एकाच्या हवाली केली आणि हाती निरुपयोगी कागद आला. पॉलिटेक्निकची पदविका असलेल्यांस सरळ मार्ग मोकळा आहे. त्यांना अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळतो, आणि २०२३-२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने किमान एक वर्ष नोकरी केलेल्यांसाठी सोयीच्या वेळेचे वर्गही मान्य केले आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमाची मान्यता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, ही आयोगाचीच भूमिका आहे.

शेवटी मंडळास दोन सूचना नम्रपणे करतो. आपण दरवर्षी पहिल्या क्रमांकाच्या मुलांचा सत्कार करतो, तो करावाच. परंतु ज्याचे शिक्षण मध्येच तुटले त्याचे नावही आपल्या वहीत असावे. प्रत्येक विभागात एका जाणत्या सभासदाने अशा मुलामुलींची गुणपत्रके पाहून त्यांचे खाते उघडून द्यावे, आणि शिक्षणनिधीतून परीक्षेच्या फीपुरते बिनव्याजी साहाय्य करावे. सत्काराच्या एका शालीच्या किमतीत एखाद्याचा एक पेपर पार पडेल. मुदत सात वर्षांची आहे आणि ती कोणासाठी थांबत नाही. म्हणून हे काम पुढील मेळाव्यावर न ढकलता याच महिन्यात हाती घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.