नेमका प्रश्न विचारा

(शुक्रवार पेठ, सोलापूर येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मे महिन्यात दिवसभर सोलापूरचं ऊन सोसून संध्याकाळी व्याख्यान ऐकायला येणारा श्रोता मला फार मोठा वाटतो. त्याला उपदेश करायची माझी हिंमत नाही. त्यापेक्षा एक प्रश्न विचारतो. डोळे मिटा आणि आज सकाळची न्याहारी आठवा. ताटली, भाकरी, कडेला शेंगाचटणी. दिसली का? चटणीचा रंग दिसला? ताटलीची कड?

आता शेजारी बसलेल्याला विचारा. कुणाला सगळं रंगांसकट दिसलं असेल, कुणाला पुसट. आणि काहींना काहीच दिसलं नसेल. चटणी खाल्ली हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण डोळ्यांपुढे चित्र म्हणून नाही.

हा प्रश्न माझा नव्हे. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज संशोधकाने तो विचारला आणि १८८० साली त्याची उत्तरं प्रसिद्ध केली. आधी त्याने आपल्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना गाठलं. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यालाच वेड्यात काढलं. मनात चित्र दिसतं ही नुसती बोलायची रीत आहे, असं त्यांचं म्हणणं. इतर माणसांना विचारलं, तर ती म्हणाली, दिसतं म्हणजे काय, लख्ख दिसतं! दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. आयुष्यभर एकमेकांशी गप्पा मारूनही ही गोष्ट कुणाला कळली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. २०१५ साली अ‍ॅडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी या चित्रहीनतेला ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. शंभरात एक ते चार माणसं अशी असावीत, असा अंदाज आहे. हा आजार नाही, आणि अशा माणसांचं काही अडतही नाही. म्हणून तर त्यांना पत्ता लागत नाही.

आपल्याकडे आत्मपरीक्षणाचा मोठा महिमा आहे, आणि तो योग्यच आहे. आपला राग, लोभ, आळस आत डोकावल्यावर सापडतो. पण जी गोष्ट जन्मापासून आपल्यासोबत आहे, ती वेगळी आहे हे आत पाहून कसं कळणार? तिथे दुसरा माणूसच लागतो.

जॉन डाल्टनचं नाव आपण शाळेत अणुसिद्धांताच्या धड्यात वाचलं. पंचविशी ओलांडेपर्यंत त्याला वाटत होतं की इतरांना दिसतात तेच रंग आपल्यालाही दिसतात. १७९२ साली जिरेनियमचं एक गुलाबी फूल त्याने मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. दिवसा त्याला ते आभाळासारखं निळं दिसे. आता त्यात निळा रंग औषधालाही उरला नव्हता. त्याने मित्रांना विचारलं. त्यांना दिवसा आणि रात्री विशेष फरक दिसत नव्हता. फरक दिसला तो फक्त त्याच्या भावाला. १७९४ साली मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळापुढे त्याने आपल्या या दृष्टिदोषावर निबंध वाचला. मरणानंतर आपले डोळे तपासावेत, असंही सांगून ठेवलं. १८४४ साली तो गेला. त्याच्या जतन केलेल्या डोळ्यातल्या डीएनएची तपासणी झाली आणि १९९५ मध्ये त्याच्या रंगांधळेपणाचा नेमका प्रकार जाहीर झाला.

हा वारसा मुलाला आईकडून येतो, आणि बहुतेक वेळा आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसत असतात. आजोबांकडून नातवाकडे जाताना मधल्या लेकीला त्याची खबरही लागत नाही. चादरींच्या या गावात, रंगीत सुतावर ज्यांचं पोट आहे अशा घरांत, हिरवं सूत मागितल्यावर पोराने तांबडं आणून दिलं तर त्याला धांदरट म्हणण्याआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत.

आता आपल्या घराजवळचं उदाहरण. १९५२ साली मुंबईतल्या भेंडे, देशपांडे आणि भाटिया या डॉक्टरांनी, इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह, ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगुणाची नोंद छापली. वरवरच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ वाटतं, पण ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही ते जुळत नाही. यालाच आज जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात.

त्यामागचं कारण समजून घ्या. लाल पेशींवर ‘ए’ आणि ‘बी’ हे घटक ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. तुमच्याआमच्या ‘ओ’ रक्तात पाया असतो, मजला नसतो. बॉम्बे गटात पायाच नसतो. मग आईबापांकडून ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक मिळालं असलं तरी मजला चढत नाही. नेहमीची दोन रसायनं घालून पेशी तपासल्या की दोन्हींना प्रतिसाद नाही, म्हणून कार्डावर ‘ओ’ लिहिलं जातं. तेवढ्यावर विसंबून ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेततं, कारण या माणसाच्या रक्तद्रवात ‘एच’च्या विरोधी प्रतिपिंडं असतात. हे उघडकीला केव्हा येतं? त्याचा रक्तद्रव दुसऱ्याच्या ‘ओ’ पेशींत मिसळला आणि गुठळ्या झाल्या, तेव्हा. म्हणजे इथेही दुसरा माणूस लागलाच.

भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा सापडतो. युरोपात दहा लाखांत एखादा. आई आणि वडील दोघांकडूनही ‘एच’चं सदोष जनुक यावं लागतं, म्हणून नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. मामाची मुलगी करायची चाल आपल्या भागातल्या अनेक समाजांत आहे. एक भाऊ बॉम्बे गटाचा निघाला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचीही शक्यता चारात एक असते. अडीअडचणीला त्याला रक्त देऊ शकणारा माणूस त्याच घरात असू शकतो, पण कुणी तपासलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट माताभगिनींसमोर मुद्दाम सांगतो. आईच्या कार्डावर ‘ओ’, बापाच्या कार्डावर ‘ओ’ आणि मूल ‘बी’ निघालं, तर कुजबुज सुरू होते. ती आई बॉम्बे गटाची असू शकते. तिच्यातलं दडलेलं ‘बी’ मुलाकडे गेलं, पाया बापाकडून मिळाला, हिशेब चोख जुळला. अर्धवट तपासणीवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये.

तीन गोष्टी सांगितल्या. तिघांनीही ‘मी कसा आहे?’ असं विचारलं नाही. मोघम प्रश्नाला भिडस्त उत्तर मिळतं. मित्र म्हणतो, ‘चांगला आहेस की!’ डाल्टनने एका फुलाबद्दल विचारलं, गाल्टनने न्याहारीच्या टेबलाबद्दल, डॉक्टरांनी एका थेंबाबद्दल. प्रश्न नेमका होता, म्हणून माहिती नवी मिळाली.

सोलापुरात तर अशा प्रश्नांना तोटा नाही. इथेच जन्मलेल्या शाहीर रामजोशींनी मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदुस्थानी एकाच लावणीत गुंफल्या. आजही आपल्या एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरांतली मुलं बसतात. वीस वर्षांच्या दोस्ताला एकदा विचारा, ‘पैसे मोजताना मनात आकडे कुठल्या भाषेत येतात? स्वप्नात आई कुठल्या भाषेत बोलते?’ आपल्याशी अस्सल सोलापुरी मराठीत भांडणारा मित्र कदाचित तेलुगूत मोजत असेल. आणि तो उलटून आपल्यालाही काहीतरी विचारेल, त्याला खरं उत्तर द्या.

शेवटी एकच विनंती. या आठवड्यात रक्तपेढीत जा, रक्तदान करा. तुमचा गट ‘ओ’ असेल तर तो ‘ओ’ पेशींशीही ताडून पाहिला आहे का, एवढं विचारा. आणि जाताना सख्ख्या भावंडांना सोबत घेऊन जा.