सत्कारानंतरचा सैनिक



१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या वनव्याप्त भागांतून जिल्ह्याचे ठिकाण दूर पडते. अशा गावी सैनिक निवृत्त होऊन परततो, तेव्हा त्याच्या गळ्यात हार पडतात. त्यानंतर मात्र तो एकटाच असतो. शिपाई बहुधा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. निम्मे आयुष्य अद्याप पुढे असते. त्याच्या पश्चात पत्नीच्या नावाच्या नोंदीत एका अक्षराचा फरक निघाला, तरी कुटुंब निवृत्तिवेतन अडू शकते. तिच्यासाठी कचेरीत कोणी जायचे?

लहान गावात माजी सैनिकांची संघटना कशासाठी, याचे उत्तर या प्रश्नात आहे. महाराष्ट्राला ते नवे नाही. कोकणातील दापोली ही इंग्रजी अमदानीतील लष्करी छावणी. पुढे तेथे निवृत्त सैनिकांची वस्ती झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १८९० च्या सुमारास त्यांनी दापोलीत 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. लष्कराने दिलेली अक्षरओळख आणि शिस्त त्यांनी घरात कुलूपबंद ठेवली नाही. अस्पृश्य गणलेल्या बांधवांच्या न्यायासाठी ती वेचली. महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून मंडळीच्या वतीने त्यांनी अर्ज सिद्ध केला.

समाजाने या सैनिकाला काय दिले? १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्यासोबत बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. रणांगणावर ज्याचे रक्त चालते, त्याचा शेजार सभेत चालत नाही, हा दोष सर्वस्वी समाजाचा होता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

गोंदियाच्या गावांना यातून घेण्याजोगे बरेच आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये संस्था नोंदवण्यास सात माणसे पुरतात. पण नोंदणी हा केवळ आरंभ होय. सुभेदार आणि शिपाई एका सतरंजीवर बसले पाहिजेत. तेथे हुद्दा नको, जात तर नकोच. गावोगावच्या माजी सैनिकांची व वीरपत्नींची नोंदवही हवी. वर्षाकाठी लागणारा हयातीचा दाखला, २००३ साली सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेचे कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील अर्ज, ही कामे वाटून घेतली पाहिजेत. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना पहाटे मैदानावर नेणेही याच अनुभवी हातांना साधेल.

संघटनेचे मोल उद्घाटनाच्या गर्दीवरून ठरत नाही. सालेकसा तालुक्यातील शेवटच्या गावी एखाद्या वृद्ध वीरपत्नीचा कागद पूर्ण झाला की नाही, यावरूनच ते ठरेल.