चार बोटे सावली

जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राटयंत्र ही सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली प्रचंड छायाघटिका होय. सुमारे २७ मीटर उंचीच्या या यंत्राची सावली आखीव पट्टीवर सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला चार बोटे सरकते. श्रोत्यांनी हे माप ध्यानी ठेवावे.

वृश्चिकाच्या नांगीनजीक, मूळ नक्षत्राच्या दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. तेथे ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर वसते. त्याच्या छायेचे चित्र १२ मे २०२२ रोजी जगापुढे आले.

अशा विवरात पडणाऱ्या पदार्थाचे काय होते? बहुधा तो सरळ पडतच नाही. वायू विवराभोवती भोवऱ्यासारखा फिरतो, तापतो आणि उजळतो; चित्रातील तेजोवलय त्याचेच. पण एखादा धोंडा थेट आत गेला असे समजू. केंद्रापासून सुमारे सव्वा कोटी किलोमीटरवर विवराची सीमा आहे. तिच्या आतून प्रकाशही परतत नाही. दूरवरून पाहणाऱ्यास धोंडा सीमेपाशी मंदावलेला दिसेल. त्याचा प्रकाश तांबडा होत विझत जाईल. सीमा ओलांडल्याचा क्षण मात्र कधीच दिसणार नाही. धोंड्याला स्वतःला तेथे काहीच जाणवणार नाही. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या लहान विवराने त्याला सीमेपूर्वीच ताणून फोडले असते. या विशाल विवराच्या सीमेवर तो ताण नगण्य असतो.

पुढे मात्र सुटका नाही. विवर स्वतःभोवती फिरत नाही असे धरले, तर जयपूरची सावली चार बोटे सरकते न सरकते तोच धोंडा केंद्राशी पोहोचेल. बाहेरच्यास जे कधीच घडत नाही, ते आत मिनिटभरात संपते!

आणि केंद्रात? तेथे घनता अनंत येते, म्हणजेच सापेक्षतेचे गणित थांबते. कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५चे समीकरण आणि रॉजर पेनरोज यांचा १९६५चा सिद्धांत यांनी हा पेच टाळता येत नाही, हे दाखविले. पुढे १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी मांडले की विवरही अतिमंद प्रारण सोडत क्षीण होते. मग धोंड्याचा इतिहास त्याबरोबर पुसला जातो काय? तसे असेल, तर वर्तमानावरून भूतकाळ जाणता येतो हा पदार्थविज्ञानाचा विश्वासच ढळेल. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पितळी यंत्रांचे आस झिजून मापे चुकतात, हे पाहून जयसिंहाने दगडी यंत्रे बांधली. कृष्णविवराच्या केंद्राशी आजच्या गणिताचा आस असाच झिजला आहे. तेथे नवे यंत्र हवे. ते मात्र दगडाचे नव्हे, विचाराचे असेल.