शिबिरातील चूल : एक विज्ञानपाठ



शाळेची सहल किंवा बालवीरांचे शिबिर म्हटले की तीन दगडांची चूल आलीच. दुपार टळते, मुले भुकेने व्याकूळ होतात, परंतु भात काही शिजत नाही. सरपण दमट, वारा बेभरवशाचा. फुंकणी फुंकणाऱ्या मुलाचे डोळे लाल होतात. चतुर शिक्षक हाच प्रसंग विज्ञानाच्या पाठासाठी उपयोगात आणतो.

धूर म्हणजे पूर्णपणे न जळता वाया गेलेले सरपण होय. लाकूड तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात. उघड्या चुलीत ते नीट पेटण्यापूर्वीच थंड होतात आणि धूररूपाने उडून जातात. जी ज्वाळा निर्माण होते, तिचीही बहुतेक उष्णता भांड्यास न लागता चहूकडे पसरते.

या दोन्ही उणिवांवर अमेरिकेतील अभियंता लॅरी विनिआर्स्की यांनी उपाय शोधला. ऑरेगन राज्यातील अप्रोवेचो या संस्थेच्या सहकार्याने १९८० नंतरच्या दशकात त्यांच्या कल्पनेतून जी चूल आकारास आली, ती 'रॉकेट स्टोव्ह' या नावाने प्रसिद्ध आहे. तिचे साधे रूप टाकाऊ डब्यांतूनही तयार होते.

तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घ्यावा. त्याच्या तळाशी राखेचा थर द्यावा. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे लहान डबे जोडून काटकोनात वळलेले नळकांडे करावे. त्याचे आडवे तोंड मोठ्या डब्याच्या बाजूस पाडलेल्या भोकातून बाहेर काढावे. उभा भाग सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठेवावा. भोवतालची पोकळी कोरड्या राखेने भरावी. आडव्या तोंडात मधोमध पत्र्याची फळी बसवावी. फळीवर बारीक काटक्या ठेवाव्यात. खालून हवा आत जाईल. पातेले तीन टेकूंवर असे ठेवावे की, त्याच्या बुडाखालून ऊन वायूस वाट मिळेल. काटक्यांची केवळ टोके जळावीत आणि त्या जळतील तशा आत सरकवाव्यात.

येथे राखेऐवजी माती भरली तर काय होईल? हा प्रश्न मुलांपुढे अवश्य ठेवावा. जड माती प्रथम स्वतःच उष्णता पिऊन टाकते. हलक्या राखेतील कोंडलेली हवा मात्र ती बाहेर जाऊ देत नाही. उत्तर सांगून टाकण्यापेक्षा दोन्ही चुली पेटवाव्यात, सारखेच पाणी उकळावे आणि प्रत्येकीत किती काटक्या जळल्या, हे तराजूने मोजावे.

सावधगिरीही आवश्यक आहे. पत्रा शिक्षकाने स्वतः कापावा, कारण त्याची कड हात चिरते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये. तापल्यावर त्यातून अपायकारक धूर निघतो. चूल उघड्यावरच पेटवावी, कारण धूर कमी दिसला तरी विषारी वायू पूर्णपणे नाहीसा होत नाही. पातळ पत्रा कालांतराने जळून जातो. तेव्हा नवा डबा बसवावा लागतो.

शिबिर संपते, डबा गंजतो. परंतु त्या दिवशी धुराचे कारण शोधलेला मुलगा घरी जाऊन आईच्या चुलीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. तेथेच या पाठाचे सार्थक होते.